मोजणी

मुलगी फोनवर म्हणाली,
जळगाव ते हैदराबाद
हवेतून पाचशे पंधरा किलोमीटर, आबा,
सव्वा तासात येशील.

मी विजेच्या बिलामागं हिशेब मांडला.
आमची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची.
म्हणजे एकावन्न हजार दोनशे साखळ्या.
मी आणि हुसेन तडवीनं
रोज दीडशे टाकल्या तरी वर्ष पुरलं नसतं,
त्यात नाले, बोरीबाभळी,
आणि कपाशी तुडवली म्हणून ओरडणाऱ्या बाया.

जामनेरहून विमानतळापर्यंत एसटीनं तास खाल्ला.
पट्टा सोड, चप्पल सोड,
खिशातला पितळी ओळंबा तबकात ठेव.
"हे काय आहे, काका?"
सरळ काय ते सांगणारं, म्हटलं.
पोरगी हसली. जाऊ दिलं.

विमान उठलं, कललं,
आणि काचेत अख्खा तालुका आला,
मी एकतीस वर्षं पायी वाचलेला.
वाघूरचं पाणी, पहूरची वाट.
तिथंच कुठंतरी गट नंबर एकशे चौऱ्याऐंशी,
झिपरू आणि ओंकार, सख्खे भाऊ,
मधला बांध दीड हाताचा.
तीनदा मोजला. तीनदा वेगळा भरला.
साहेबांना कोण सांगणार,
वैशाखात लोखंड वाढतं
आणि जमीन तेवढी घटते.
ओंकारनं कुऱ्हाड आणली होती चौथ्या वेळी.
हुसेननं साखळी खाली ठेवली, त्याला तंबाखू दिली,
त्या दिवशी मोजणी झालीच नाही.

वरून मी तो बांध शोधला.
एक पिवळट चौकोन, शेजारी हिरवा,
मधे काहीच नाही.
तोवर अजिंठ्याचा डोंगर सरकून गेला,
माझी सगळी नोकरी
चहाचा कागदी कप थंड व्हायच्या आत संपली.

एक मुलगी माईकवर उंची सांगत होती,
वेग सांगत होती, उरलेली मिनिटं.
हात वर करून विचारावंसं वाटलं,
बाई, दुसरं टोक कोणी धरलंय?

आमचं असं होतं:
हुसेन पुढं, मी मागं.
साखळी ताणली की तो "हो" म्हणायचा,
मी "हो" म्हणायचो,
मग खुंटी.
दोन "हो" आल्याशिवाय
जगातलं कुठलंही अंतर कागदावर चढत नसे.
शेजारच्या खुर्चीत एक पोरगा
कानात बोंडं घालून झोपला होता.

हैदराबादला उतरल्यावर पहिला फोन
मुलीला करायचा तो हुसेनला केला.
त्याचे गुडघे गेलेत, ओट्यावर बसून असतो.
पोचलो म्हटलं.
"किती भरलं?"
सव्वा तास, म्हटलं.
"ते नाही. किती भरलं?"
मी गप्प.
पलीकडं त्याची कोंबडी ओरडत होती, स्वच्छ ऐकू येत होती,
हातभर लांबून यावी तशी.
मग त्यानं विचारलं,
"ऊन होतं का रे वाटेत?"

होतं, म्हटलं.
खूप होतं.