कैफियत

एकतीस वर्षं मी लघुवाद न्यायालयात
दुसऱ्यांच्या कैफियती टाइप केल्या.
‘वादीचे म्हणणे खोटे, बनावट व प्रतिवादीस अमान्य आहे’
हे वाक्य माझी बोटं झोपेतही मारतात,
बायको म्हणते, उशीवर.

तेव्हा पाळक केदारींनी भायखळ्याच्या मंडळीत
गुरुवारचा वर्ग काढला,
कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे,
कुणाला मानता, का मानता, कशाच्या जोरावर,
तर पहिलं नाव मीच दिलं.

दोनशे पानी वही घेतली धोबीतलावावरून.
मुद्दे पाडले.
मुद्दा एक : तुम्ही कधी बाटलात?
उत्तर : पणजोबा, नगर जिल्हा, सोळा मैल चालत गेले,
दुष्काळाच्या आधी.
‘आधी’खाली दोन रेघा, कारण
मुद्दा दोन : दुधाच्या भुकटीसाठीच ना?
मुद्दा पाच : देव तीन की एक.
मुद्दा नऊ : कबर रिकामी होती, आणि पहिल्यांदा पाहिली बायकांनी,
ज्यांच्या शब्दाला त्या काळी फारसं कुणी विचारत नव्हतं.
हा मुद्दा माझा लाडका.
रचून सांगणारा असले साक्षीदार कशाला उभे करील?
खोटे साक्षीदार मी पाहिलेत.
ते इस्त्रीचे कपडे घालून येतात.

बावीस पानं भरली. उत्तरं निळी, वचनं लाल.
आता कुणीतरी विचारायला हवं होतं.

कुणी विचारेना.
कोर्टात विचारतात ते महागाई भत्त्याचं,
डिसेंबरात करंज्यांचं.

मग एका बुधवारी, साडेचारला,
तांडेल बेलिफ खेतवाडीतून आला, खोलीचा ताबा घेऊन.
माझ्या टेबलापाशी उभा राहिला. बसला नाही.
म्हणाला, म्हातारी एकटीच होती. कातकरबाई.
सामान मीच उतरवलं तीन मजले.
विळी माझ्या हातात देताना
तिनं पेपरात गुंडाळून दिली.
जपून रे, म्हणाली, पातं आहे.
मी तिच्या दाराला कुलूप घालणार, आणि ती
मला जपून म्हणते.

फायलीची नाडी त्यानं बोटाला गुंडाळली, सोडली,
परत गुंडाळली.
ओहोळसाहेब, तुमच्यात माफी मिळते म्हणतात.
खरं आहे का ते?

वही ड्रॉवरमध्ये होती.
मनातल्या मनात बावीस पानं उलटली.
मुद्दा चौदा जवळपास जात होता,
पण तो तत्त्वाचा होता,
विळीचा नव्हता.
खरं आहे, मी म्हटलं.
आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही.

बरं, म्हणाला. निघाला.
दारातून वळला,
वकिलासारखा नव्हे,
अंधारात चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा,
मग आमोसचं काय?

आमोस माझा धाकटा भाऊ.
आग्रीपाडा, खोली नंबर एकोणीस, आईच्या नावाची.
वादी मी.
नऊ वर्षं याच इमारतीत, वरच्या मजल्यावर.
समन्स तांडेलनंच बजावलं होतं.
आमोसनं सही केली, आणि त्याला चहा पाजला.
वहीत यावर एक ओळ नाही.

मंडळीत उभं राहून देतात ती साक्ष
आणि पिंजऱ्यात उभं राहून देतात ती साक्ष
हे दोन वेगळे शब्द आहेत
असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

काय सांगणार होतो?
की मी ते खरंच मानतो,
मानतो म्हणून तर आग्रीपाड्यात रस्ता बदलतो.
की ज्याची बाजू मांडायला मी नाव दिलं
तो स्वतःच्या खटल्यात बहुतेक गप्पच होता,
आणि माझ्या बावीस पानांत
एवढीशी जागा मी गप्प राहायला सोडली नाही.

यातलं काही तांडेलला म्हटलं नाही.
म्हटलं, तारीख दे.
सवयीनं निघालं तोंडातून.

तो हसला नाही.
घ्या, म्हणाला.
पण फार लांबची नको.