नमुना क्रमांक सतरा

चाचणीनळीत आधी जांभळा रंग असतो,
पिकल्या करवंदाचा,
बोटाला लागला तर दोन दिवस न जाणारा.
त्यात मी नाचणीचा अर्क सोडते, थेंबाथेंबानं,
नळी अंधाऱ्या कपाटात ठेवते
आणि अर्धा तास डबा खाते.

मडगावच्या या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच,
रंग किती उतरला ते मोजणं.

दुकानातल्या चकचकीत पिशवीतली, साल काढलेली:
जांभळा जरासा फिकटला, आळसावल्यासारखा.
नमुना क्रमांक सतरा:
जांभळा गेला.
मागे फणसाच्या गऱ्यासारखं पिवळं पाणी.
मी यंत्र पुन्हा शून्यावर आणलं.
पुन्हा तेच.

सतरा म्हणजे सुकांती वेळीप,
गावडोंगरीच्या वरचा वाडा,
कदंबाच्या शेवटच्या थांब्यापासून तासभर चढ.
मी मागितली दोनशे ग्रॅम.
तिच्याकडे ग्रॅम नव्हते.
तिनं करवंटीनं मापली, वर शीग लावून,
आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली.
"पेरणीतली आहे गो. देताना दीड करवंटी."
मी हसले.
ती हसली नाही.

आमच्या घरी नाचणी दोनदाच यायची,
बाळाला दात येण्याआधी
आणि म्हाताऱ्याचे पडल्यानंतर.
मधली सगळी वर्षं पांढऱ्या भाताची.

मी तिला समजावू पाहिलं,
की श्वास घेतो तिथं आतही जाळ असतो,
त्यातून ठिणग्या सुटतात, एकट्या, जोडीदार नसलेल्या,
दिसेल त्याला ओरबाडत जातात.
आणि या दाण्याच्या तांबड्या सालीत असं काही आहे
जे आपल्यातलं थोडं देऊन
त्यांना गप्प बसवतं.
चवीला तुरट असतं ते.

"तुरट तर आहेच," सुकांती म्हणाली,
"म्हणून पाखरं आधी वरीवर बसतात."
आणि तिजानाची वाटी पुढे केली.
गूळ, नारळाचा रस, वर किंचित मीठ,
आणि गिळल्यावरही जिभेच्या कडेला
उभा राहिलेला तो तुरटपणा.
त्याचं नाव मला माहीत होतं. चव नव्हती.

अहवालात रकाने आहेत:
कॅल्शियम, लोह, तंतू, एकूण फिनॉल.
सतराच्या ओळीत मी आकडे भरले, मोठे,
साहेबांनी दोनदा खाली रेघ मारली.
दीड करवंटीचा रकाना नव्हता.

करवंटीभरातली बहुतेक मी दळली,
मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळली, फेकली.
उरली दहा ग्रॅम, कुपीच्या तळाशी,
मोहरीहून बारीक.

गाळणकागद ओला करून त्यावर पसरली.
तिसऱ्या दिवशी मोड,
सुईच्या टोकाएवढे, पांढरे.
"हे कुठलं परीक्षण?" साहेब विचारून गेले.
मी वहीत पाहत राहिले.

आता गच्चीवर, रसायनांच्या धुतलेल्या पिंपांत,
पानं गुडघ्यापर्यंत आलीत.
दोन पिंपं पावसानं कुजवली.
उरलेल्यांत कणसं निसवताहेत,
हिरवी, पाच बोटं उघडी ठेवून.
दाणा भरला की बोटं आत वळतात म्हणे, मूठ होते.
अजून झालेली नाही.

काल कँटीनच्या मावशीकडून
एक करवंटी मागून आणली,
कडा घासून घेतली.
अर्धी कशी मोजायची
ते सुकांतीलाच विचारावं लागेल.