पाव फेर

गरम इंजिनाला खाजामियाँ हात लावत नाही.
"ठेवून जावा गाडी. सकाळी या,
ऊन चढायच्या आत."
म्हणून रात्रभर माझी जुनी मारुती
सेलूच्या जिंतूर नाक्यावर, लिंबाखाली,
आणि पाथरीला जायचे टोस्ट, मानवतची खारी
बेकरीतच, डब्यांत.

सहाला गेलो.
उजवं चाक काढून भिंतीला टेकवलेलं,
त्या खाचेत डोकं घालून तो बसलेला,
विहिरीत वाकून पाहावं तसा.
एकेक नट चहाच्या बशीत टाकत होता.
आवेज मोजत होता: पाच, सहा, सात.
आठवा सापडेना.

कव्हर निघालं. आत पट्टा.
काळा, दातेरी, एवढासा.
मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.
"सगळं याच्यावर हाय," खाजामियाँ म्हणाला,
"वरचं चाक एकदा फिरतं तवा खालचं दोनदा.
एक दाता सरकला
की दोघांचं बोलणं बंद."

मग अंगठा आणि तर्जनीत
त्यानं पट्ट्याची लांब बाजू धरली
आणि पिळली,
मास्तर कान पिळतात तशी, पण माया ठेवून.
पाव फेर फिरला पाहिजे. बास.
अर्धा फिरला.
"सैल," तो म्हणाला, आणि मलाही धरायला लावलं.

माझे वडील, नागोराव, गिरणी चालवायचे.
त्यांचा पट्टा माझ्या पंजाएवढा रुंद.
सैल झाला की ते त्याला राळ लावत.
फटफट थांबायची, तासभर ज्वारी निघायची,
मग परत राळ.
कापून, शिवून आखूड करायला अर्धा दिवस लागतो
आणि अर्धा दिवस त्यांच्याकडे कधीच नव्हता.
घरातही तेच. आई रुसली
की पाव किलो बालुशाही.

"याला राळ नाही का लावता येत?" मी विचारलं.
खाजामियाँ हसला नाही.
"दात्याच्या पट्ट्याला राळ नसती लावत."

टेन्शनरचा बोल्ट त्यानं ढिला केला, नुसता ढिला,
आणि हात काढून घेतला.
"आता?"
"आता काय नाही. स्प्रिंग वढंल तेवढं वढू द्यायचं.
आपला जोर लावला की आधी पट्टा रडतो,
मग बेअरिंग रडतं,
मग गिऱ्हाईक."
सतराचा पाना घालून इंजिन हातानं फिरवलं,
दोन पूर्ण फेरे, सुलट. उलट कधीच नाही.
पांढरा टिपका खुणेसमोर आला, थांबला.
बोल्ट आवळला.
परत अंगठा. पाव फेर.
मी धरून पाहिला. मला नीट कळलं नाही,
पण हो म्हणालो.

बसवायच्या आधी त्यानं कव्हर उलटं केलं, फडक्यानं पुसलं.
आतून, तेलाच्या थराखाली,
खिळ्यानं कोरलेलं: ४४,३०० किमी,
आणि तारीख, सतरा वर्षांपूर्वीची.
तेव्हा ही गाडी कुणाची होती कोण जाणे;
मी ती परभणीच्या बाजारातून घेतली.
खाजामियाँनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"आक्षर माझंच हाय."
गाडी त्याला आठवेना. माणूसही आठवेना.
नुसता अंगठा फिरवत राहिला त्या दोन चारांवरून.
"तवा चार चांगला काढायचो मी."

मग आवेजकडे खिळा मागितला.
खाली नवा आकडा: १,४०,६००.
चार जरा कललेला.
आठवा नट आवेजच्याच चपलेत रुतलेला निघाला.

साडेनऊला मी पाथरी रस्त्यावर.
मागं डबे खडखडत होते,
पट्ट्याचा आवाज येत नव्हता,
म्हणजे बरोबर असावं.
ढालेगावच्या अलीकडे गाडी कडेला घेतली,
घरी फोन लावला.
म्हटलं, आज दुपारनंतर घरीच आहे,
अर्धा दिवस.
"कामून?" बायको म्हणाली. "काय आणायलात?"
काहीच नाही, म्हटलं.
रिकामाच येतोय.