स्टॅटिक्सचा वर्ग रद्द

व्हांग सर कागद आडवा धरतात, पेन्सिलीनेच लिहितात.
शाईचं धाडस होत नाही म्हणतात,
अकरा वर्षं झाली या खुर्चीत.

पहिल्या चौकोनात कॅल्क्युलस.
ते झाल्याशिवाय फिजिक्स नाही,
फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही,
आणि स्टॅटिक्स फक्त जानेवारीच्या सत्रात.
चुकलं की वर्ष गेलं.
कागदाच्या पार कडेला, जागा उरली नाही म्हणून उभ्या अक्षरांत:
विद्यापीठ, तिसरं वर्ष, सिव्हिल.

मी चौतीस वर्षांची. बदामाच्या कारखान्यात रात्रपाळी.
केसांत टरफलांची धूळ घेऊन बसते
एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी.
आंद्रेसच्या जन्माआधी बीजगणिताचा एक वर्ग केला होता,
चांगले मार्क पडले होते.
विद्यापीठ तो धरत नाही.
सर खोडरबर फिरवतात, फुंकर मारतात,
आणि माझा एक अख्खा उन्हाळा टेबलावरून खाली पडतो.

बाबांना सांगायला कालव्यावर गेले.
एव्हारिस्तो साल्सेदो, विसालियाच्या पश्चिमेचे जुने पाटकरी,
फळ्या उचलता उचलता ऐकत होते.
"वरचं दार बंद ठेवून खालचं उघडलं तर काय मिळतं?"
चिखल, मी म्हटलं.
"मग कुरकुरतेस कशाला?"
बाबा, तुमच्या पाण्याला बारा विद्यार्थी लागत नाहीत.

स्टॅटिक्सला लागतात. आम्ही नऊच भरलो.
पहिल्याच सोमवारी दारावर चिठ्ठी.
पार्किंगमध्ये उभे राहिलो, धुक्यात एकमेकांचे पायसुद्धा दिसेनात.
पाच जण "पुढच्या वर्षी बघू" म्हणत गेले.
उरलो माई शुआ, हरलीन, वाहान आणि मी.
वाहानकडे ट्रक होता. ट्रकला हीटर नव्हता.

तासाभरावरच्या दुसऱ्या कॉलेजात, मंगळवार-गुरुवार,
चार जागा शिल्लक होत्या.
धुकं उतरलं की माई शुआ काच खाली करते,
डोकं बाहेर काढून रस्त्याची पांढरी रेघ बघत राहते:
डावीकडे, अजून, बास, सरळ.
हरलीन मागे बसून त्रिकोणमिती घोकते.
मी डुलक्या घेते. लाज वाटत नाही आताशा.

तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं:
वस्तू आजूबाजूच्या सगळ्यातून सोडवून घ्या,
कोऱ्या कागदावर एकटी काढा,
मग तिला कोण कोण ढकलतंय, ओढतंय,
तेवढंच बाणांनी दाखवा.

परतीच्या वाटेवर वहीत मी मलाच काढून पाहिलं.
भाडं खाली. आंद्रेसचे दात खाली.
आईची औषधं, कारखान्याचा भोंगा.
वर ओढणारा बाण कुठे लावायचा कळेना.
ट्रक खड्ड्यात आदळला, पेन्सिल घसरली,
पानभर एक लांब तिरकी रेघ.

ती खोडली नाही.
गृहपाठात पुलाचा प्रश्न होता,
तो पुढच्या पानावर केला.
दहापैकी सात.