तीन बोटं

हात आधी चोळून ऊन करायचे,
कमतगी मॅडमनी शिकवलेलं.
थंड बोटांखाली अंग आकसतं.

बेळगुंदीचं उपकेंद्र. खिडकीला जुनी साडी.
शिवक्का आडवी, उजवा हात डोक्याखाली,
नखांत रताळ्याच्या रानातली लाल माती.

मधली तीन बोटं. टोकं नाहीत, पेरांची गादी.
नाण्याएवढं वर्तुळ, आधी कातडीपुरतं,
मग जरा खोल, मग बरगडी लागेपर्यंत.
काखेपासून खाली, पुन्हा वर,
सरीला लागून सरी,
बोटभरही जागा पड ठेवायची नाही.

"आमी बी असंच चाचपतो," ती छताकडे बघत म्हणाली,
"वेल कापला की मातीत. खडा कुठला, रताळं कुठलं,
बोटांस्नी कळतंय की."

माझी थांबली.
घड्याळात दहा वाजतात त्या जागी.
हरभऱ्याएवढी. सरकेना.

"नोवु इदे?" तिचं माहेर बैलहोंगलकडचं.
"नोवु इल्ल," ती हसली, सुटल्यासारखी.

त्याच जागी पुन्हा एक वर्तुळ काढलं.
तिकडे गंटु, इकडे गाठ.
दुखत नाही, म्हणूनच बेळगावला जा,
हे मला दोन्ही भाषांत
पटकन जुळवता येईना.

कागदावरच्या आकृतीत फुली मारली.
डावी बाजू अजून बाकी होती.
हात पुन्हा चोळले.