एकच लॉगिन

जालना, एमआयडीसी, दुसरा मजला.
माझ्या एका स्क्रीनमध्ये बाकलीवाल शेठच्या चार कंपन्या नांदतात:
सळई, बियाणं, ठिबकच्या नळ्या,
आणि यंदापासून मोसंबीचा रस.

आवाज मिसळू द्यायचे नाहीत.
सळई ‘आम्ही’ म्हणते,
बियाणं ‘दादा’ म्हणतं,
रस अजून बोलायला शिकतोय.
उद्याचं आजच लिहून वेळ लावते;
सकाळी नऊला ते बोलतं,
मी तेव्हा रिक्षात.

मंगळवारी घोळ झाला.
सळईच्या पानावर गेलं:
उगवणक्षमता नव्वद टक्के.
अकरा मिनिटं जालन्यात लोखंड उगवत होतं.

पुसलं तोवर बदनापूरहून फोन,
‘मॅडम, हे बी कुठं मिळंल?
घरावर एक मजला पेरायचाय.’

हसू दाबलं.
बियाण्याच्या आवाजात म्हणाले,
दादा, आधी ओल बघा.