छपाईतली चूक

जेल रोडच्या घराला मागे एक भिंत आहे,
पूर्वेकडे तोंड केलेली, बिनप्लास्टरची.
तिथवर येऊन पैसे संपले होते.
निवृत्त झाले त्या डिसेंबरात
गायधनींच्या नर्सरीतून मी आणली
सोनेरी पानांची आयव्ही,
काळ्या पिशवीत, वीतभर, गारठ्याने आखडलेली.
"आपल्याकडचा उन्हाळा हिला झेपत नाही, ताई," ते म्हणाले,
आणि पैसे मोजून घेतले. दोनदा.

मोजण्याचं मला काही वाटत नाही.
सव्वीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
मी पैसे मोजले नाहीत, पाहिले.
शाई कडेबाहेर गेली का,
रंग केसभर सरकला का,
अंगठ्याने कोपरा उचलायचा, नजर फिरवायची, पुढचा कागद.
चूक दिसली की लाल खूण.
लाल खुणेचा भुगा व्हायचा.
घरी आले तरी डोळे सुटत नसत:
पोळीचा काठ, पडद्याची शिवण,
मुलीला बघायला आलेल्या मुलाची डावी भुवई
उजवीपेक्षा बारीक आहे, हे मीच आधी पाहिलं.
(लग्न झालं. सुखात आहेत.)

आणि आता हे पान.
मधोमध हिरवं, सांडल्यासारखं,
भोवती पिवळं, तेही धड सारखं नाही,
इकडे शिरेवर चढलेलं,
तिकडे कडेपर्यंत पोचलेलंच नाही.
दुसरं पान शेजारी धरलं.
जुळेना.
तिसरं.
मोजली शेवटी. एकशे चौदा पानं,
एकशे चौदा लाल खुणा.
हात आपोआप कानामागच्या पेन्सिलीकडे गेला.
पेन्सिल नव्हती.
पानांवर सकाळचं ऊन होतं
आणि भिंतीच्या उघड्या विटा
पहिल्यांदाच कुणीतरी मुद्दाम ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

एप्रिलात ओलं गोणपाट टांगलं.
दुपारी दोनला उठून ते पुन्हा भिजवायचं,
शिफ्ट लागल्यासारखं.
तीन फांद्या करपल्या, बाकीच्यांनी
बारीक पायांनी विटेला धरून ठेवलं.

दसऱ्यानंतर एक फुटवा आला,
पूर्ण हिरवा. काळपट, तजेलदार, वेगाने चढणारा.
पान पाहावं तर आधीच्यासारखंच,
त्याच्या पुढचंही तसंच.
एकही डाग नाही. कडा स्वच्छ.
मी रोज चहा घेऊन त्याच्यापुढे उभी राहायचे.
कुठेतरी बरं वाटायचं.

वरच्या खोलीत दगू बोरस्ते भाड्याने राहतात,
छाटणीच्या दिवसांत पहाटे ओझरकडे जातात,
संध्याकाळी द्राक्षाच्या चिकाने हात काळे करून येतात.
"काय पाहून राह्यल्या, मावशी?"
मी दाखवलं.
"हा काढा आधी. हिरव्याला जोर जास्त.
वर्षात सगळी वेल हिरवी करून टाकील,
सोनं नावाला राहणार नाही."
"अहो, पण हाच तर बरोबर आलाय."
ते हसले, खिशातली कात्री माझ्या हातात दिली.
"बरोबर पाहिजे होतं
तर कढीपत्ता लावायचा ना."

ते जिना चढून गेले.
मी बुडापासून टोकापर्यंत
एकेक पान अंगठ्याने उचललं,
उजेडात तिरकं धरून पाहिलं,
खालूनही पाहिलं,
कुठे काही चूक सापडते का.

नव्हती.
मग कापला.